मिस्त्रींचे नवे कान

आमच्या अपार्टमेंटमधले खाडे मिस्त्री कुणाच्याही घरी गेले, की आधी फ्रिजला भेटतात आणि मग माणसांना. दार उघडलं, की चपला काढून थेट स्वयंपाकघरात. फ्रिजच्या मागं वाकायचं, मान तिरकी करायची, डोळे मिटायचे. आपण 'या, बसा' म्हणालो, तर हात वर करून म्हणणार, "थांबा, ऐकू दे." मग निकाल. "कॉम्प्रेसर दमलाय. उन्हाळा काढत न्हाय." आमचा फ्रिज खरोखरच एप्रिलात गेला. माझी बायको अजून म्हणते, की मिस्त्रींनीच त्याला दृष्ट लावली.

गंमत अशी, की एवढं बारीक ऐकणारे मिस्त्री कानांनी जवळजवळ बहिरे आहेत. कागलच्या एमआयडीसीत पस्तीस वर्षं ते पत्रे दाबणाऱ्या प्रेसच्या दणदणाटात उभे राहिले. तरुणपणी डिसमिसचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक बेअरिंगवर टेकवून आणि मूठ कानाला लावून, कुठल्या मशीनच्या पोटात काय दुखतंय ते सांगायचे. निवृत्त होईपर्यंत कान गेले आणि त्यात दोन श्रवणयंत्रं आली. ती त्यांनी अकरा वर्षं वापरली. उजव्याला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, आवाज कमीजास्त करायला मागं बारीक चाक. दोन्ही मधूनच शिट्टी मारायची, त्यामुळं मिस्त्री जिना चढतायत हे तिसऱ्या मजल्यापर्यंत कळायचं.

माणसांचं बोलणं त्यातून त्यांना निम्मंच समजायचं, पण त्याची त्यांना फारशी खंत नव्हती. माणसांकडंही ते मशीनसारखंच बघायचे. मी हायस्कुलात शिकवतो. दिवसभर ओरडून घरी आलो, की जिन्यात गाठून म्हणायचे, "सर, आज आवाज फाटका येतोय. घशात तेल घाला की जरा."

दुसरा विक्षिप्तपणा चहाचा. आमच्या तळमजल्यावर कमलताईंचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तिथलं पायमशीन मुळात मिस्त्रींच्या पत्नीचं, शालनकाकूंचं. काकू पाच वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हा मिस्त्रींनी ते कमलताईंना देऊन टाकलं. अट एकच, मोटार बसवायची नाही, पायानंच चालवायचं. कमलताई गुडघे चोळत सांगतात, "मामांनी मशीन फुकट दिलं आणि वर गुडघेदुखी दिली." मिस्त्री रोज दुपारी चारला तिथं स्टुलावर येऊन बसतात. दर शुक्रवारी मशीनला तेल घालतात. आणि मशीन थांबलं रे थांबलं, की म्हणतात, "चला, चहा." आता शिवताना मशीन शंभरदा थांबतं. दोरा तुटतो, बॉबिन संपते, गिऱ्हाईक येतं. प्रत्येक वेळी यांचं आपलं "चला, चहा." आम्ही त्यांचं नाव चहाबाज ठेवलं होतं. आम्ही कसलं, मीच ठेवलं होतं.

यंदा त्यांचं डावं यंत्र गेलं. कसं गेलं, तर टाकीतल्या पाण्याच्या मोटारीचा आवाज ऐकायला मिस्त्री इतके वाकले, की ते कानातून निसटून टाकीत पडलं. दोन दिवस सगळी बिल्डिंग पाणी गाळून पीत होती. आठवड्यात उजवंही गप्प झालं. तसली यंत्रं आता निघत नाहीत, सुटे भागही मिळत नाहीत. मग पुण्याच्या मुलानं नवी जोडी घेऊन दिली. भुईमुगाच्या शेंगेएवढी, मोबाईलला जोडता येणारी. आमच्या राजारामपुरीतल्याच एका क्लिनिकमधल्या मॅडमनी ती बसवून दिली आणि सांगितलं, की सवय व्हायला दोन-तीन महिने लागतील, पण रोज घालायची. मिस्त्रींना हे लगेच पटलं. नव्या इंजिनाला रनिंग लागतंच. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "कान रनिंगमध्ये हायत. बेतानं बोला."

मग आमचा मजेचा महिना सुरू झाला. मिस्त्री घराघरांतून आवाज शोधत हिंडू लागले. "सर, हे काय वाजतंय?" मी म्हणायचो, पेपरचं पान उलटलं. "आणि हे?" तुमची चप्पल. "ती पहिल्यापास्नं वाजती व्हय?" एकदा मी भडंगाची बशी पुढं केली. पहिला घास घेऊन मिस्त्री जागीच थबकले. "आयला! डोक्यात खडी फोडाय लागली की!" मग कुतूहलानं अर्धी बशी सावकाश, एकेक दाणा चावत संपवली. स्वतःचा आवाज ऐकून तर ते फार खट्टू झाले. "माझा आवाज असला हाय व्हय? शालननं कसा ऐकून घेतला असंल इतकी वर्षं?"

नातीशी मात्र पहिल्यांदाच फोनवर पुरतं बोलणं झालं. ती बोबडी आहे हे त्यांना तेव्हा कळलं. दोन दिवस ते जिन्यात ज्याला त्याला सांगत होते.

आणि एकाएकी सगळं थांबलं. मिस्त्री कुणाच्या फ्रिजला भेटायला येईनात. चारला खालचं स्टूल रिकामं दिसू लागलं. कमलताई मला म्हणाल्या, "सर, मामांचं काय बिनसलंय बघा की. परवा आलते. मशीनकडं बघत बसले आणि न बोलता उठून गेले. चहा पण मागिटला न्हाय." चहाबाजानं चहा मागितला नाही म्हटल्यावर मला राहवेना. मी वर गेलो.

मिस्त्री गॅलरीत बसले होते. दोन्ही यंत्रं डबीत. मी मोठ्यानं विचारलं, काय झालं? त्यांनी यंत्रं कानात घातली आणि म्हणाले, "कमलचं मशीन ऐकू येत न्हाय, सर. रनिंग झालं की यील म्हणून महिनाभर वाट बघितली. सुरू झालं की दोन टाके येतंय. मग कुणीतरी उचलून शेजारच्या खोलीत न्हेल्यागत मागं मागं जातंय. सुई पळताना दिसती, आवाज न्हाय. जुनं यंत्र दुरुस्त होत न्हाय, ह्यात ते येत न्हाय. मग ते गेलंच म्हणायचं की."

एका शिलाई मशीनसाठी एवढा जीव टाकायचं कारण मला कळेना. पण ते एवढेसे झालेले बघवेनात, म्हणून मी त्यांना घेऊन क्लिनिकमध्ये गेलो.

"मॅडम, हे यंत्र माणसांचं ऐकतंय, मशीनचं ऐकत न्हाय," मिस्त्रींनी तक्रार मांडली.

मॅडम तरुण होत्या, पण शांत. म्हणाल्या, "काका, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. एकसारखा चालणारा आवाज आला, की यंत्र त्याला गोंगाट समजतं आणि खाली दाबतं. मग बोलणं स्पष्ट ऐकू येतं."

मिस्त्री ताडकन उठले. "गोंगाट? त्याला गोंगाट म्हणायचं न्हाय!"

बाहेर बसलेले पेशंट वाकून बघू लागले. मी मिस्त्रींचा हात धरून त्यांना खाली बसवलं. मॅडमनी मात्र जराही न चिडता विचारलं, "कुठलं मशीन, काका?"

"शिलाईचं. पायमशीन."

"रोज ऐकता?"

"रोज," मिस्त्री म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मॅडमनी यंत्रं कॉम्प्युटरला जोडून पंधरा मिनिटं काहीतरी केलं. "गाणी ऐकायची एक वेगळी सेटिंग असते. त्यात यंत्र काही दाबून टाकत नाही. हे बटण धरून ठेवा. दोनदा टुंग वाजलं, की ती सुरू झाली."

"गाण्यातलं मला काय कळत न्हाय."

"तुम्ही मशीन ऐका की, काका."

परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते. मिस्त्री थेट स्टुलावर जाऊन बसले आणि बटण धरलं. कमलताईंनी माझ्याकडं बघितलं, ब्लाउजची बाही सुईखाली घातली आणि पाय चालवायला सुरुवात केली. दोन टाके झाले. चार झाले. मी हळूच विचारलं, "येतंय का?"

मिस्त्रींनी हात वर केला. "थांबा, ऐकू दे."

त्यांनी डोळे मिटले होते. पाऊल जमिनीवर कमलताईंच्या पायाबरोबर हलत होतं. बाही संपली, मशीन थांबलं. 'चला, चहा' आलंच नाही.

"कारखान्यातनं आलो की माझं कान बधिर असायचं," डोळे न उघडता मिस्त्री म्हणाले. "शालन काय काय सांगायची, मला निम्मं कळायचं न्हाय. मी आपला व्हय व्हय करायचो. मशीन तेवढं ऐकू यायचं. ते थांबलं, की मला कळायचं... उठली आता. चहा टाकणार."

माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवेना. शंभरदा थांबणाऱ्या मशीनबरोबर हा माणूस पाच वर्षं शंभरदा काकूंची वाट बघत होता आणि मी जिन्यात उभा राहून हसत होतो. माझी मला लाज वाटली.

कमलताई उठल्या. आत जाऊन त्यांनी गॅस पेटवला. चहा झाल्यावर त्या ट्रे घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मी पुढं झालो आणि पहिला कप उचलून मिस्त्रींच्या हातात दिला.