कमी आणि जस्त यांच्या गुणांची तुलना

विश्वातले सगळे पदार्थ मूलद्रव्यांचे बनलेले असतात, आणि मूलद्रव्य हे कार्यालयाच्या पत्राने सिद्ध होतं. यातला पहिला भाग कुठल्याही शालेय पुस्तकात सापडतो. दुसरा शिकायला विज्ञानाच्या सरांना अकरा वर्षं नोकरी करावी लागली, आणि तीही तात्पुरती.

शाळा उघडली की सरांना नेमणुकीचं पत्र मिळे, सुट्टी लागली की ते संपे. अकराव्या वर्षी त्यांना कायम करण्याची फाइल शिक्षण कार्यालयात मोठ्या साहेबांच्या टेबलावर पोचली, टेबलाच्या डाव्या बाजूला. सह्या उजव्या बाजूला होतात. (मधलं अंतर दीड हात, सरासरी प्रवास चार वर्षं.) सरांची बायको शेजारणीला सांगायची, "अकरा वर्षं मी तात्पुरत्या माणसाशी कायमचा संसार करतेय. आता सही झाली नाही ना, तर मीच नेमणूक संपवते यांची." सर हसण्यावारी न्यायचे, पण रात्री जेवण जात नसे.

अशात कार्यालयाचं पत्र आलं. साहेबांना हवं होतं ते साधंच होतं: विज्ञानाच्या परीक्षेत मुलांना पडलेल्या कमी व जास्त गुणांची तुलना. पण टंकलेखिकेच्या हातून 'जास्त'मधला काना राहिला. साहेबांनी वाचून सही केली. (वाचून सही करणं म्हणजे सहीची जागा वाचून सही करणं.) शाळेत पोचलं ते असं: "विज्ञान विषयातील कमी व जस्त गुणांची तुलना करून तक्ता सात दिवसांत सादर करावा. विलंब झाल्यास संबंधित शाळेची सर्व प्रकरणं जागच्या जागी थांबवण्यात येतील."

जागच्या जागी, म्हणजे टेबलाच्या डाव्या बाजूला. सर पत्र घेऊन धावले.

"बाई, हे 'जास्त' असणार," ते मुख्याध्यापिकांना म्हणाले. "मुलांचे मार्क मागितलेत."

बाईंनी चष्मा लावून पत्र वाचलं. "विज्ञान विषय लिहिलंय. तुमच्या विषयात गुण म्हणजे काय?"

"गुणधर्म."

"जस्त म्हणजे?"

"मूलद्रव्य."

"मग कमी पण मूलद्रव्यच. एका मूलद्रव्याची तुलना कार्यालय कशाशी करेल, खुर्चीशी?"

सरांनी प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा तक्ता दाखवला. एकशे अठरा मूलद्रव्यांमध्ये कमी कुठेच नव्हतं. बाई जवळ गेल्या. तक्त्याचा खालचा कोपरा वाळवीने खाल्ला होता. "इथेच असणार," त्या म्हणाल्या आणि समाधानाने तासाला गेल्या.

सरांनी कार्यालयात फोन लावला. पलीकडे लिपिक होता.

"साहेब, त्या पत्रात 'जस्त' पडलंय, ते 'जास्त' आहे."

"काय जास्त आहे?"

"जास्त नाही, म्हणजे 'जास्त'च आहे, पण जस्त झालंय."

"सर, तुमचं जरा जास्तच चाललंय."

तरी लिपिक मनाने चांगला होता. पत्र दुरुस्त करायचं तर शुद्धिपत्रक काढावं लागेल, त्याला चौदा सह्या लागतात आणि तोवर शाळेची एकही फाइल हलणार नाही, हे त्याने आपणहून सांगितलं. सरांनी आभार मानून फोन ठेवला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "कमी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही? अकरा वर्षं दुसरं काय पाहिलंत? लिहा की."

आणि सरांनी लिहिलं. खरं सांगायचं तर त्या रात्री त्यांच्यातला शास्त्रज्ञ पहिल्यांदाच जागा झाला होता. जस्ताचा रकाना पाच मिनिटांत भरला: निळसर पांढरा रंग, अणुक्रमांक तीस, चारशे वीस अंशांना वितळतं, लोखंडावर मुलामा दिला तर गंज धरू देत नाही. कमीचा रकाना मात्र लिहून संपेना. कमी डोळ्यांना दिसत नाही, पण घरात शिरताक्षणी जाणवतं. ते निसर्गात मुक्त स्वरूपात आढळतं, विशेषतः सकाळी सातनंतर नळात, महिनाअखेरीस साखरेच्या डब्यात आणि बारा महिने प्रयोगशाळेच्या कपाटात. जस्त गंज धरू देत नाही, तर कमी गंजायला काही शिल्लकच ठेवत नाही. (म्हणजे गंजरोधक म्हणून कमीच श्रेष्ठ.) ते कितीही वाटलं तरी संपत नाही, उलट सगळ्यांना पुरून उरतं. त्याचा 'पणा'शी संयोग होऊन 'कमीपणा' हे संयुग बनतं, जे अत्यंत ज्वालाग्राही असून लग्नकार्यात नातेवाइकांपासून दूर ठेवावं. अणुक्रमांकापुढे सरांनी 'संशोधन चालू' लिहिलं.

तक्ता सहाव्या दिवशी पोचला. साहेबांना आपण काय मागितलं होतं ते आठवत नव्हतं, त्यामुळे तक्ता तंतोतंत तसाच निघाला. त्यांनी 'अभ्यासपूर्ण' असा शेरा मारून तो नमुना म्हणून दोनशे बारा शाळांना पाठवला. दोनशे नऊ शाळांनी तोच तक्ता आपला म्हणून परत पाठवला, त्यातल्या खाडाखोडीसकट. दोन शाळांनी कमीचा नमुना मिळेल का, अशी विचारणा केली. त्यांना तो तुमच्याकडे आहेच, असं कळवण्यात आलं. उरलेल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी असं मूलद्रव्यच नाही, असं लिहिलं. त्यांची बदली जिथे कमीचे साठे सर्वांत मोठे आहेत अशा गावी झाली, म्हणजे त्यांना प्रत्यक्ष अभ्यास करता यावा.

पुढच्या वर्षी कमी नववीच्या पुस्तकात आलं. त्याच सुमारास सरांची फाइल दीड हात सरकली. बायकोने गल्लीत पेढे वाटले, सरांनी कायम झाल्याचं पत्र छातीशी धरलं आणि डोळे पुसले. खोटं कशाला बोला, त्यांना आनंद झाला होता.

सरांची मुलगी त्याच शाळेत नववीत होती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक घेऊन ती समोर येऊन बसली.

"बाबा, कमी खरंच मूलद्रव्य आहे?"

सर बुटांना पॉलिश करत होते. त्यांनी एक बूट दोनदा पुसला. "पुस्तकात आहे ना?"

"पुस्तकात आहे. मी तुम्हाला विचारतेय."

"आईला विचार, पाणी तापलं का," सर म्हणाले.

पेपरात प्रश्न आला: "कमी व जस्त यांच्या गुणांतील फरक लिहा. (गुण पाच.)" वर्गातल्या एकोणचाळीस मुलांनी सरांचाच तक्ता घडाघडा उतरवला. चाळिसावी उत्तरपत्रिका मुलीची होती. तिने जस्ताबद्दल नीट लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ: "कमी नावाचं मूलद्रव्य नाही. कुणाची तरी चूक झाली आहे आणि ती कुणी दुरुस्त केली नाही."

सरांनी ती ओळ तीनदा वाचली. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला, हे इथे स्पष्ट नोंदवलं पाहिजे. त्यांनी लाल पेनाने पाचपैकी पाच दिले. मग आदर्श उत्तरपत्रिका समोर ओढली. ती त्यांच्याच हस्ताक्षरात होती, खाली कार्यालयाचा शिक्का होता, आणि तिच्याबाहेर गुण देणाऱ्या शिक्षकाची नेमणूक फेरतपासणीस घेण्यात येईल, असं छापलं होतं. सरांनी पाचावर काट मारली, शून्य काढलं आणि बाजूला सही केली.

निकालाच्या दिवशी मुलगी पेपर घेऊन आली. रडली नाही. "माझं काय चुकलं, तेवढं सांगा."

सरांना खूप काही सांगायचं होतं. शेवटी ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, तुला सगळं येतं गं. पण पेपरात पुस्तकात असतं तेच लिहायचं."

असा बाप, असा मास्तर, त्याला काय म्हणावं? वाचकहो, खुशाल नावं ठेवा, तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. फक्त एवढं सांगा, हेच वाक्य तुमच्या घरात परवाच्या परीक्षेला कोण म्हणालं होतं? आणि अगदी खरं सांगायचा आग्रह नाही. पुस्तकात असेल ते सांगा.