हळदीला टेक्नो

हळदीला टेप वाजवायचं काम जयवंताने घेतलं आणि त्याची झोप उडाली. संपाला बारा वर्षं झाली होती. मिल गेली ती गेलीच, तेव्हापासून लालबागच्या खोलीत त्याची बायको सुभद्रा हिच्या खानावळीवर घर चालत होतं आणि जयवंत गिऱ्हाइकांना पाणी वाढत होता. आता कुठे स्वतःचं म्हणावं असं काम हाताला लागलं होतं. त्यात सुभद्राने सांगून ठेवलेलं, "ह्या जमला नाय, तर चपात्या तुमी लाटायच्या."

पूर्वी सोपं होतं. नाचायचं ते डिस्को, रडायचं ते दर्दभरे. आता नवरीचा भाऊ उत्तम रोज नवी कॅसेट आणि नवं नाव घेऊन यायचा.

"काका, हे डिस्को नाय. हे हाऊस."

"आणि हे?"

"ते टेक्नो, जरा फास्ट. त्याच्याहून फास्ट ते ट्रान्स."

फास्ट म्हटल्यावर जयवंताला हायसं वाटलं. मिलच्या वाइंडिंग खात्यात तो नुसत्या नजरेने सुताचा नंबर, म्हणजे जाडी, सांगायचा, आणि तिथे नंबरागणिक चिठ्ठीचा रंग वेगळा. त्याने घड्याळ लावून मिनिटाला किती धाडधाड होते ते मोजलं आणि कॅसेटवर रंगीत चिठ्ठ्या डकवल्या. (सुपरवायझरने पाठ थोपटली असती, असं त्याला वाटलं. सुपरवायझरने ती कधीच थोपटली नव्हती.)

गुरुवारी उत्तम परत हजर. "याला आता नुसतं हाऊस नाय बोलत. दोन झालेत. हे डीप, हे ॲसिड."

"अरे, मंगळवारी तर हाऊस होतं."

"मंगळवारी होतं."

जयवंताने चिठ्ठीवर चिठ्ठी लावली. जुनी फाडायची नाही, वर नवी डकवायची, हे त्याला खात्यात पहिल्याच दिवशी शिकवलेलं. शुक्रवारी टेक्नोचे तीन तुकडे झाले. पुन्हा चिठ्ठ्या.

"माका सगळा एकच वाटता," पीठ मळता मळता सुभद्रा म्हणाली. "धाडधाड."

जयवंत आणखी जोरात चिठ्ठ्या डकवू लागला, कारण त्यालाही एकच वाटत होतं.

हळदीला संध्याकाळी अख्खी चाळ पटांगणात जमली. जयवंताने पाच चिठ्ठ्यांची कॅसेट टेपमध्ये दाबली. ती आत गेली आणि चिठ्ठ्यांच्या जाडीने गच्च अडकली. टेप रेड्यासारखा रेकू लागला. नवरी कालिंदीने हळदीच्याच हातांनी कान झाकले. झालं, लाटणं आलं हातात, एवढंच जयवंताला सुचत होतं.

सुभद्रा उठली. तिने पदर खोचला, टेपचं झाकणच उपटलं आणि बोटाने आतली चकती फिरवायला लागली. पुढे, मागे, पुढे. व्याव, व्याव, धाड. पोरं क्षणभर थबकली. मग अशी नाचली की पाण्याचं पिंप आडवं झालं.

सकाळी उत्तम दारात उभा. "रविवारी काळाचौकीला साखरपुडा आहे. कालचंच पायजे."

"येतो की," जयवंत म्हणाला.

"तुम्ही नको, काका. काकूंना पाठवा."

रविवारी सुभद्रा टेप घेऊन गेली. दुपारी खानावळीत पंगत बसली. रोजचं गिऱ्हाईक राजाराम ताटातला प्रकार दोन बोटांनी उचलून उजेडात धरून बघत राहिला.

"जयवंता, ही चपाती की भाकरी?"

जयवंताने बराच विचार केला. "दोन्हीच्या मधलं आहे. नाव अजून पडलं नाय."

"मग पडेपर्यंत मला भात वाढ," राजाराम म्हणाला.