बँडमास्तरांनी स्वतःच्या दारास घातला वेढा

ऐकणाऱ्यांनी खुर्ची पुढे ओढावी, पंखा हळू करावा आणि मनी किंतु न धरावा. मोठमोठ्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले, परंतु घरपट्टीच्या वसुलीत ढोल कोणी बडविला आणि सोसला कोणी, हे लिहिणारा कोणी निघाला नाही, सबब हा मजकूर.

ते समयी नगरकचेरीचा खजिना रिता जाहला. घरपट्टी कोणी भरीना. नोटिसा धाडिल्या त्या लोकांनी डळमळत्या टेबलांच्या पायाखाली घातल्या. मग कचेरीत मसलत होऊन ठराव जाहला की थकबाकीदाराचे दारी गेले सालाप्रमाणे याही साली बँड नेऊन वाजवावा, आळी गोळा करावी, लाजेने तरी पैका बाहेर येईल. मोहिमेचे सरलष्कर म्हणोन नवे वसुली साहेब नेमिले. वय लहान, बूट नवे, आवाज अद्याप हुकमास सरावला नव्हता. आणि तोफखाना म्हणोन बँडमास्तर नेमिले. मास्तर क्लॅरिनेटचे बहाद्दर, दमाचे पुरे, बोलण्याचे थोडे. हाताखाली ट्रंपेटवाले दोघे, झांजवाला एक आणि ढोलास जाड्या, जो काडीसारखा बारीक होता.

आता मास्तरांचे पोटातील गोष्ट. खुद्द मास्तरांचीच घरपट्टी तुंबली होती. कारण गेले साली हीच मोहीम त्यांनी वाजविली, तिचे बिल कचेरीने दिले नाही. लेखा विभागाचा जबाब ऐसा की, ज्याची घरपट्टी बाकी, त्याचे बिल निघत नाही. आणि बिल निघाल्यावाचून घरपट्टी भरावी कशी, यास लेखा विभागाचा जबाब नव्हता. अखेर जप्तीचे फर्मान सुटले की बाकी न भरल्यास घरातील वाद्ये उचलून न्यावी. वाद्ये गेली म्हणजे बँड गेला, आणि बँड गेला म्हणजे पाच घरांच्या चुली गेल्या. मास्तरांनी हे बायकोस सांगितले नाही. उद्या सांगू, उद्या सांगू, ऐसे करीत राहिले.

मोहिमेचे दिवशी फौज कूच करोन निघाली. पहिले ठाणे चष्मेवाल्याचे. त्याने ढोलाच्या तिसऱ्या टोल्यास पैका मोजिला. दुसरे ठाणे पेन्शनर गुरुजींचे. ते खिडकीतून ओरडले, “बेसूर वाजवता ते वाजवता, वर पैसे मागता!” परंतु भरले. साहेबांची मर्जी बहुत खूश जाहली. यादीत नावे नव्हती, घरांचे आकडे मात्र होते. नावे वाचली म्हणजे ओळखी निघतात आणि ओळखी निघाल्या म्हणजे सवलती मागतात, हा साहेबांचा स्वतःचा शोध.

आणि मग साहेब एका गल्लीत वळले. जाड्याचा हात ढोलावरच थबकला.

“मास्तर, ही आपली गल्ली.”

“माहीत आहे. वाजव.”

“पण मास्तर—”

“वाजव म्हणतो ना!”

साहेबांनी आकडा ताडून पाहिला आणि निळ्या दारापुढे निशाण रोविले, म्हणजे ‘या घराची घरपट्टी थकली आहे’ ऐसा कचेरीचा फलक भिंतीस टेकविला. मास्तर मान खाली घालोन वाजवू लागले.

[येथे मूळ कागदावर चहा सांडला आहे. पुढील हकीकत जाड्याच्या तोंडून उतरून घेतली.]

म्हणजे झालं असं, की वहिनी हात पुसत बाहेर आल्या. आधी मास्तरांकडे बघितलं, मग फलकाकडे, मग परत मास्तरांकडे. म्हणाल्या, “अहो, घर चुकलात का?” मास्तर काय बोलणार, तोंडात क्लॅरिनेट! डोळ्यांनी नुसतं नाही म्हणाले. वहिनींनी फलक दोनदा वाचला. मला वाटलं, आता रडतील. तर म्हणाल्या, “मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला? सगळ्या गल्लीला वाजवून सांगताय, बायको तेवढी परकी!” गल्लीतली सगळी माणसं बघत होती. मास्तरांचे कान लाल झाले. पण सूर? सूर काही हलला नाही.

[येथून कागद पुन्हा कोरडा.]

साहेब हे पाहोन चकित जाहले. म्हणाले, “थांबा, थांबा! हे तुमचं घर?”

मास्तर थांबले नाहीत. कारण साहेबांचाच लेखी हुकूम होता, आणि तो फलकावरही चिकटविला होता, की ज्या दारी वाजविण्यास लागावे, तेथून वसुलीवाचून हलू नये आणि मध्ये दम घेऊ नये. मागील साली वसुलीचे कारकून पाच मिनिटांत फौज पुढील दारी हलवीत, त्यावर हा इलाज.

“अहो, मी सांगतोय ना थांबा!”

“असं तोंडी कसं?” बाई म्हणाल्या. “हुकूम लेखी आहे ना? मग वाजवू द्या त्यांना. कामावर आहेत ते.”

तेव्हा साहेबांनी जप्तीचे अस्त्र बाहेर काढिले. वाद्ये ताब्यात घेतो, म्हणाले.

“घ्या की,” बाई म्हणाल्या. “अरे जाड्या, ढोल दे साहेबांना. पुढच्या घरी तेच वाजवतील.”

जाड्याने ढोल खरोखरच पुढे केला. साहेबांनी यादीकडे पाहिले. अद्याप पुष्कळ घरे राहिली होती. आपला तोफखाना आपणच जप्त केलियास पुढील किल्ले शिट्टी मारून घ्यावे लागतील, हे उमगोन त्यांनी ढोल परत दिला.

“बरं, ताईंनी थोडं समजून घ्यावं. बाकी भरा ना.”

“कशातनं भरू? यांचे पैसे तुमच्याकडेच तर अडकलेत. आणि आत्ता हे वाजवतायत ना, त्याचेही तासावर लागतायत. मला काय, बसा तुम्ही, खुर्ची देते.”

बाईंनी खुर्ची आणिली. साहेब तीवर बसले, आणि सूर्य कलला, आणि मास्तर तीच कवायतीची धून पुन्हा पुन्हा वाजवीत राहिले. ओठ सुजले, सदरा पाठीस चिकटला, परंतु आता मान वर होती. बाई मध्ये मध्ये येऊन त्यांचे कपाळ पदराने टिपीत आणि आत जात. राग गेला नव्हता. परंतु तो आता गल्लीदेखत काढावयाचा नाही, ऐसे ठरले होते.

सरतेशेवटी साहेबांनी लेखा विभागास फोन लाविला.

“बाकी असताना बिल निघत नाही,” पलीकडून जबाब.

“बिल काढू नका हो! बाकीतच वळतं करा!”

“असं कधी केलेलं नाही.”

साहेबांनी फोन ढोलाजवळ धरिला. जाड्याने, इमानी माणूस, सारे बळ एकवटोन टोले घातले. पलीकडून ओरड आली, “करा! वळतं करा! फक्त ते आधी लांब न्या!”

येणेप्रमाणे तह जाहला. साहेबांनी खुर्चीवर बसोन दस्तुरखुद्द पावती लिहिली. बाकी निरंक, जप्ती रद्द. मास्तरांचे येणे उरले ते येत्या बिलात. मग मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतले. गल्लीत एकाएकी इतकी शांतता जाहली की चष्मेवाला दूरवरून बघावयास आला.

बाईंनी पावती वाचिली आणि घडी घालोन मास्तरांचे खिशात ठेविली.

“थांबलात का?”

“वसुली झाली की. आता तास लागणार नाही.”

“इतक्या दारांत वाजवलंत. आपल्या दारात आलात, तर ते ठणठणाटी. ते सावकाशीचं येतं ना तुम्हाला? ते वाजवा.”

“फुकट?”

“फुकट.”

मास्तरांनी जाड्यास हात खाली करण्याची खूण केली आणि एकट्यानेच वाजविले. साहेबांची यादी पुढे पडली होती, परंतु ते फलक काखेस मारून, धून संपेतोवर उभे राहिले. किल्ला मास्तरांचा, वेढा मास्तरांचा आणि फत्तेही मास्तरांचीच जाहली, ऐसे येथे नमूद केले असे. त्या अखेरच्या धुनेची आकारणी कोणत्याही कचेरीत जाहली नाही.