चौथी पाचर

"आधी एक खिळा सरळ मारून दाखवा," एवढंच सासरे जेवता जेवता म्हणाले, आणि जावईबापूंच्या ते जिव्हारी लागलं. सासऱ्यांचा जन्म सुतारकामात गेलेला; जावईबापू कचेरीत कारकून. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढच्या रविवारी सासरे जावयाने बनवलेल्या स्टुलावर बसून चहा घेतील, आणि त्या स्टुलात एकही खिळा नसेल. (खिळा सरळ जातच नाही म्हटल्यावर दुसरा मार्ग तरी काय होता?)

युक्ती सोपी होती. पायाच्या टोकाला चीर पाडायची, टोक फळीच्या भोकातून वर काढायचं आणि चिरेत पाचर ठोकायची. टोक फुगतं, पाय जन्मात हलत नाही. पाचरींसाठी त्यांनी कचेरीतली लाकडी पट्टी गुपचूप आणली. तीन पाचरी निघाल्या, चौथीच्या वेळी पट्टीचे तुकडे झाले. रविवारचे साडेतीन वाजून गेले होते आणि सासरे चारला यायचे होते. तेवढ्यात जावईबापूंना स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या पायाखाली एक पाचर दिसली, अगदी मापाची. खांदा देऊन त्यांनी ती काढली आणि ठोकून टाकली.

"अहो, हे कपाट माझ्या अंगावर का येतंय?" बायकोने विचारलं.

"जरा धरून ठेव. आत्ता काढतो पाचर."

पक्कड झाली, पेचकस झाला, शेवटी दातही लावून झाले. पाचर ढिम्म हलेना. दाराची बेल वाजली.

सासरे आत आले, तर लेक कपाटाला पाठ लावून उभी.

"अशी का उभी तू?"

"यांनी उभं केलंय."

सासऱ्यांनी स्टूल हाताने दाबून पाहिलं. एक पाय निखळला, मग दुसरा, मग तिसरा. चौथा मात्र दोन्ही हातांनी पिळला तरी जागचा हलला नाही.

"हा झकास बसलाय," सासरे म्हणाले. जावईबापूंची छाती फुगली. सासऱ्यांनी चष्मा लावला. "बसणारच. ही पाचर मी कापलेली आहे, तुमच्या कपाटासाठी."

लेकीकडे एकदा बघून त्यांनी करवत मागितली, पाचरीच्या भोवतीचा फळीचा तुकडा पायाच्या टोकासकट कापला, तिरका तासला आणि कपाटाखाली सारला. लेक सुटली आणि तिने चहा टाकला.

"पण खिळा एकही नव्हता, हे तर मान्य?" जावईबापूंनी हळूच विचारलं.

"मान्य," जमिनीवर बसून चहा घेत सासरे म्हणाले. "आठ दिवस खपून तुम्ही माझी पाचर जरा मोठी करून दिलीत."