हिलाल अण्णांचा खुंटा

हिलाल अण्णांच्या गाडीत कलिंगडालाही पट्टा लावतात. थट्टा नाही. शहाद्याच्या बाजारातून कलिंगड आणलं की ते डिकीत टाकायचं नाही, मागच्या सीटवर बसवायचं, पोटावरून पट्टा ओढायचा आणि खटका लावायचा. तुपाचा डबा, गॅसचं सिलिंडर, गणपतीची मूर्ती, सगळे असाच प्रवास करतात. एकदा त्यांनी माझ्या दुकानातून युरियाची गोणी नेली. गोणीला पट्टा लागला. मी पुढे तसाच बसलो होतो, तर अण्णा गाडी सुरूच करीनात.

"भटू, गोनीले अक्कल शे, तुले नही का?"

ब्राह्मणपुरीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. अण्णांची केळी आणि पपई, माझं खत-बियाण्यांचं दुकान. वयाने ते साठीच्या पुढचे, तोंडाने फटकळ. त्यांच्या बायकोला आम्ही माई म्हणायचो. माई गेल्यापासून घरात ते एकटेच असतात, आणि सगळा वेळ गावातल्या वस्तू हलवून बघण्यात घालवतात.

कारण त्यांचं एक पालुपद आहे: "खुंटा पक्का पाहिजे." म्हैस घ्यायला गेले तर म्हशीच्या आधी विकणाऱ्याचा खुंटा हलवून बघतील. "जेना खुंटा हालस, तेनी म्हैस काय लेवानी?" माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी मांडवाचा एकेक खांब धरून हलवला. त्यातला एक खरोखरच आडवा झाला आणि वरपक्ष उन्हात बसला. अण्णांना काडीचंही वाईट वाटलं नाही.

"आते पडना ते बरं जयं. जेवतांना पडता ते?"

यंदा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली आणि अण्णांच्या फोनवर गाडीच्या कंपनीचा मेसेज आला. तो घेऊन ते माझ्या दुकानात आले. मी वाचून दाखवला. मागच्या सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, लहान मुलाची खुर्ची त्यांच्यात अडकवतात. काही गाड्यांमध्ये या कड्यांचं वेल्डिंग कच्चं राहिलंय, म्हणून कंपनीने त्या गाड्या परत बोलावल्यात, तपासून फुकट दुरुस्त करून देणार आहेत.

दुकानातल्या लोकांनी त्यातलं 'परत बोलावल्यात' एवढंच ऐकलं. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव अण्णांच्या गाडीला निरोप द्यायला येऊन गेलं. एका म्हातारीने तर बॉनेटवरून हात फिरवला.

"अण्णा, कशाला डोक्याला ताप?" मी म्हटलं. "तुमच्याकडे लहान मूल कुठंय? कलिंगडाला काही या कड्या लागत नाहीत."

अण्णा खताच्या गोण्यांकडे बघत म्हणाले, "मन्ही आंडेर ई ऱ्हायनी. आखाजीले. पोरले लिसन."

आंडेर म्हणजे लेक, आणि ती लेकराला घेऊन येत होती. सुनंदाने सुरतला आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून अण्णांनी तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. माई होत्या तोवर आमच्याच घरातून चोरून फोन व्हायचे, माई गेल्या आणि तेही थांबलं. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचा सण. गल्लीतल्या कडुलिंबांना झोके लागतात, पोरी गौराईची गाणी म्हणतात, घरोघर आमरस असतो. अण्णांच्या दारातल्या लिंबाला कितीतरी वर्षांत झोका लागला नव्हता. खाली उभं राहून त्या लिंबाकडे बघवायचं नाही मला.

आता सुनंदाने आपणहून फोन केला होता, येऊ का म्हणून. अण्णा 'ये' म्हणाले. एवढंच बोलणं झालं. फोन ठेवताना तिने सांगितलं, पोरीला गाडीत खुर्चीची सवय आहे, मांडीवर बसत नाही. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी खुर्ची आणली. आणि आता हा मेसेज.

पहिला उपाय त्यांनी घरचाच केला. म्हशीचं दावं काढलं, एक टोक गाडीतल्या कडीला बांधलं, दुसरं गोठ्यातल्या खुंट्याला, आणि गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली. दावं ताणलं गेलं, गाडी गुरगुरली आणि खुंटाच जमिनीतून उपटून बाहेर आला. मोकळी म्हैस सरळ माझ्या दुकानात शिरली आणि सरकीच्या ढेपेत तोंड घालून उभी राहिली.

तिला हाकलता हाकलता मी ओरडलो, "अण्णा, कडी जागची हलली नाही. झालं ना समाधान?"

"खुंटा निंघी गया म्हनीसन कडी पक्की ठरस का? खुंटा कच्चा व्हता."

या माणसाशी वाद घालणं म्हणजे वेळेचा शुद्ध अपव्यय.

मग नंदुरबारच्या फेऱ्या सुरू झाल्या. सर्व्हिस सेंटरमधल्या मॅडम बिचाऱ्या गोड बोलायच्या. "काका, नवीन पार्ट अजून आला नाही. तुम्ही आखाजीनंतर या ना."

"आखाजीनंतर मन्हं काय काम शे?" अण्णा म्हणायचे आणि बाकावर बसून राहायचे. खांद्यावर ते दावं असायचंच.

बसून बसून कंटाळले तेव्हा त्यांनी शोरूममधल्या नव्या गाड्यांकडे मोर्चा वळवला. त्या दिवशी मी बरोबर होतो, म्हणून सांगतो. दार उघडायचं, सीटच्या फटीत हात घालायचा, कडी धरायची आणि सगळ्या अंगाचा जोर लावून हिसडायची. एक कुटुंब तिथे गाडी पसंत करत होतं.

"काका, काय बघताय?"

"खुंटा."

मग त्या बाईंनीही फटीत हात घातला, त्यांच्या सासूबाईंनीही घातला. मॅनेजर धावत आले.

"काका, अहो गिऱ्हाइकं घाबरतात!"

"मी कोनले काही बोलस नही, साहेब. नुसतं हालाई देखस."

मॅनेजरनी तिथल्या तिथे नाशिकला फोन लावला. आदल्या आठवड्यापर्यंत न मिळणारा पार्ट आखाजीच्या आदल्या दिवशी हजर झाला. काम संपलं तेव्हा मॅडमनी जुनी कडी दाखवली. तिचं एका बाजूचं वेल्डिंग खरंच अर्धवट होतं. अण्णांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी छताचा पंखा बघत बसलो.

तिथूनच आम्ही स्टेशनवर गेलो. सुरतची गाडी आली. सुनंदा उतरली, तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांची पोर. बापलेक समोरासमोर उभे राहिले. सुनंदा पाया पडली. अण्णांचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी नातीला घेतलं आणि पुढे चालू लागले. मागे बॅग ओढता ओढता मी सुनंदाला कडीची सगळी कथा ऐकवली.

गाडीत अण्णांनी पोरीला खुर्चीत बसवलं, पट्टा लावला आणि दोन्ही हातांनी खुर्ची गदागदा हलवली. पोर खिदळली. अण्णांनी पुन्हा हलवली. मी आणि सुनंदा रस्त्यावर ताटकळत उभे, आणि आत तपासणी चालूच.

निघालो. गाडी सारखी टिंगटिंग वाजत होती, पण कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. प्रकाशा गावाच्या पुलावर, खाली तापी दिसायला लागल्यावर, मागून सुनंदा म्हणाली, "अण्णा, इतला तरास कसाले लिधा? खुर्ची नसती ते मी पोरले मांडीवर लिसन येती. पन येती."

अण्णांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"मालूम व्हतं माले," ते म्हणाले. "पन तू येवालोंग मी काय करतू? वाट देखत नुसतं बठता येस का? घर खावाले उठस."

काहीतरी बोलावं म्हणून मी अण्णांकडे वळलो, आणि गाडी का वाजते आहे ते तेव्हा कळलं. कलिंगडाला पट्टा लावणारा हा माणूस स्वतःचा पट्टा लावायला विसरला होता.

मी वाकून त्यांचा पट्टा ओढला आणि खटका लावला. लागला की नाही, ते एकदा हलवूनही बघितलं.