हनुवटीचा पट्टा आणि आठ कोंबड्या

अस्सल काय आणि नकली काय, हे मला एका नजरेत कळतं! आपल्या टोप-संग्राहक मंडळातल्या कुणालाही विचारा. पितळेचा रंग, चामड्याचा वास, टाक्यांची चाल, काही म्हणजे काही माझ्या नजरेतून सुटत नाही.

तर मंडळाच्या यंदाच्या अंकात प्रत्येकाने आपल्या पहिल्या जर्मन लष्करी टोपाबद्दल लिहायचं ठरलंय. ओटोचं तुम्हाला पाठच असेल: त्याची मावशी पोलादी टोपाला दांडा ठोकून त्याने गोठ्यातलं शेणपाणी उपसायची, आणि तो टोप ओटोने पंधरा दिवस धुतला तरी त्याच्या बायकोने घरात घेतला नाही. हेल्मुटच्या टोपात तर कोंबडी उबवायला बसली होती. पिल्लं बाहेर येईपर्यंत हा बिचारा तीन आठवडे खुराड्याशी पहारा देत होता! माझ्याही गोष्टीत कोंबड्या आहेत. एक नाही, चांगल्या आठ!

साल चौऱ्याहत्तर. मी ऱ्हाईनकाठच्या आमच्या गावात नगरपालिकेत कारकून होतो, वय सव्वीस, टोप एकही नाही. गावात म्हातारे नेटेकोवन आजोबा होते, सुतारकाम करून थकलेले. त्यांच्याकडे वडिलांचा चौदा सालचा टोप होता. काळं चामडं, समोर पितळी गरुड, डोक्यावर ते झोकदार टोक, आणि मुख्य म्हणजे हनुवटीचा मूळ चामडी पट्टा! हे पट्टे कसे तुटून हरवतात, ते तुम्हाला मी काय सांगणार? मी सहा महिने आजोबांकडे खेटे घातले. शेवटी ते वैतागले.

"विकायचा नाही मला. वडील हा घालून गेले आणि हा घालूनच परत आले. सांभाळणाऱ्याला द्यायचाय."

"आजोबा, माझ्याइतकं कोण सांभाळेल?"

"बोलतात सगळेच. आठवडाभर ने. पुढच्या शुक्रवारी जसा नेलास तसा आण. आणलास तर तुझा."

आठवडा! अहो, मी तो हयातभर सांभाळला असता! घरी आणून रोज रात्री भिंग घेऊन त्याचा कण न् कण बघत होतो. सगळं मूळचं, कुणाचा हातही न लागलेलं.

पण घरमालकीण क्लोटिल्डबाई! या बाईला चमकत नाही ते घाण, एवढंच ठाऊक. माझ्या सायकलची घंटा घासून घासून त्यांनी तिचा आवाजसुद्धा घालवला होता. बुधवारी संध्याकाळी त्या दारात उभ्या.

"काय रे एडमुंड, किती मळलंय हे! साठ वर्षांत कुणी फडकंसुद्धा मारलं नाही वाटतं! उद्या तू कचेरीत गेलास की लख्ख करून ठेवते हं."

पितळेवरचा तो साठ वर्षांचा काळा थर म्हणजे आपला जीव की प्राण, आणि ही बाई तो तासाभरात उतरवणार! मी ठरवलं, टोप कचेरीत न्यायचा.

उद्या गुरुवार, हे मला माहीत होतं. पण कोणता गुरुवार, हे भीतीच्या भरात डोक्यातून साफ गेलं. कार्निवलचा, बायकांचा गुरुवार! सकाळी कचेरीत पाऊल टाकलं आणि साहेब गळ्यात जुनाट, विटका टाय बांधून केविलवाणे बसलेले दिसले, तेव्हा लख्ख प्रकाश पडला. अकरा वाजून अकरा मिनिटांनी बायका कचेरी ताब्यात घेणार, कात्र्या घेऊन फिरणार, दिसेल तो टाय कापणार आणि नुकसानभरपाई म्हणून गालावर मुका देणार. तक्रार करायची सोय नाही. आमच्याकडे त्या दिवशी पोलिसांचेही टाय कापले जातात.

मी मात्र गळ्यापर्यंतचा स्वेटर घातला होता. टायच नाही तर कापणार काय? प्रश्न फक्त टोपाचा. टेबलाच्या खणात ठेवायला गेलो, तर टोकामुळे खण बंद होईना. कपाट नको, कारण कपाटं तर बायका उलथीपालथी करतात. मग माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली: टोप डोक्यावरच घालायचा! कुणी काढून घेऊ नये म्हणून हनुवटीखाली पट्टासुद्धा घट्ट बांधला. आता खुद्द महापौर आले तरी टोप हलणार नाही.

अकरा अकराला दार धाडकन उघडलं. "आलाफ!" अशी कार्निवलची आरोळी ठोकत पगार विभागाच्या आठ बायका आत घुसल्या. आठही जणी कोंबड्या! डोक्यापासून पायापर्यंत पांढरी पिसं, लाल तुरा, नाक-डोळे झाकणारी पुठ्ठ्याची चोच. एक दुसरीपासून वेगळी ओळखू येईल तर शपथ! क्षणात साहेबांचा टाय गेला. मग एक कोंबडी माझ्यापुढे येऊन थांबली. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"अगं बाई, याला टायच नाही!"

"मग गळ्याशी ते काय लोंबतंय?" मागून दुसरी ओरडली.

मी "नको!" म्हणेपर्यंत कच्च! गालावर एक सणसणीत मुका बसला आणि पट्ट्याचा निम्मा तुकडा घेऊन कोंबडी पसार!

एक सांगतो. त्या मुक्यात काहीतरी होतं. तेवढ्या गडबडीतही मला ते जाणवलं. आधी पट्टा मात्र मिळवायला हवा होता! मी डोक्यावर टोप सावरत धावलो. जिन्यात पहिली कोंबडी सापडली.

"बाई, तुम्ही कापलंत ते परत द्या हो!"

"अगं, याला अजून एक हवाय!" ती किंचाळली आणि मुका देऊन मोकळी झाली.

चौकात दुसरी. "टाय नव्हता म्हणून रडतोस होय? पुढच्या वर्षी दोन बांधून ये!" मुका. बेकरीपाशी तिसरी आणि चौथी, एकेका गालावर एकेक. मद्यालयाच्या दाराशी पोचेपर्यंत दोन्ही गाल लाल, पोटात कुणी कुणी पाजलेले तीन ग्लास बीअर, आणि पट्ट्याचा पत्ता नाही. उद्या आजोबांना काय तोंड दाखवू? मी पायरीवर बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं. आतला धूर असणार.

एक कोंबडी शेजारी येऊन टेकली. चोच कपाळावर सरकवलेली, चेहरा दमलेला. पगार विभागातली रोसविटा.

"काय झालं हो?"

मी सगळं सांगितलं. आजोबा, त्यांचे वडील, शुक्रवार. तिने मध्ये एकदाही हसून घेतलं नाही.

"थांबा इथेच," म्हणाली आणि आत गेली. आली ती हातात पट्टा घेऊन. "हा घ्या."

"पण कापला कुणी हा?"

ती जरा घुटमळली. "मीच. आता ओरडू नका. चला माझ्या बाबांकडे."

तिचे बाबा खोगीरं शिवायचे. कार्निवलच्या दिवसांत कानात कापूस घालून दुकानात बसणारा गावातला एकुलता एक माणूस! त्यांनी पट्टा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"मी, बाबा."

म्हातारबुवांनी उसासा टाकला आणि सुई ओवली. दोन तास काम चाललं. रोसविटा दिवा धरून उभी होती आणि तिची पिसं कामावर गळत होती. शिवण अशी बसली की बोट फिरवूनही कळू नये!

शुक्रवारी आजोबांकडे जाताना वाटभर मन म्हणत होतं, गप्प राहा, कुणाला कळतंय? आजोबांनी टोप मांडीवर घेतला, पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "झकास. जसाच्या तसा."

टोप माझा झाला होता! आणि मला राहवेना.

"नाही आजोबा. पट्टा कापला गेला. शिवून आणलाय." मी सगळं सांगून टाकलं, अगदी कोंबड्यांसकट.

आजोबा ठसका लागेपर्यंत हसले. मग त्यांनी पट्ट्याचं दुसरं टोक उलटं करून माझ्या नाकाशी धरलं. बकलाच्या मागे जाड, ओबडधोबड शिवण!

"हा मी कापला. सात वर्षांचा होतो, बर्फावरच्या गाडीला दोरी हवी होती. वडिलांनी मुकाट्याने शिवला, मला एक शब्द बोलले नाहीत. आजवर अकरा जण भिंगं घेऊन येऊन गेले. सगळे म्हणाले, हातसुद्धा लागलेला नाही!"

"मीही आठवडाभर बघत होतो..."

"तूही!" आजोबांनी टोप माझ्या हातात दिला. "पण तू सांगितलंस. जा घेऊन."

दोन हिवाळ्यांनी आजोबा गेले. दरवर्षी मृतांच्या दिवशी मी त्यांच्या थडग्यावर दिवा लावतो आणि मनापासून आभार मानतो. त्यांचे, सासरेबुवांचे (हो, रोसविटाशी मी पुढच्याच वर्षी लग्न केलं!) आणि त्या कात्रीचेही. पट्टा कापला नसता तर मी आज एक अखंड टोप बाळगून एकटा म्हातारा होत बसलो असतो. त्या दिवशी मला पाच मुके मिळाले, पण अस्सल कोणता हे मी तत्क्षणी ओळखलं होतं!

एवढं लिहून कागद रोसविटाला वाचायला दिले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा लावून तिने सगळं वाचलं. मध्ये एकदा डोळे पुसले.

"छान लिहिलंयस. एकच चूक आहे."

"साल?"

"पट्टा मी नाही कापला. इर्मगार्डने कापला."

"काय? तूच तर म्हणालीस!"

"तू पायरीवर नाक पुसत बसला होतास. बाबा त्या दिवसांत परक्याचं काम हातात घ्यायचे नाहीत. लेकीने केलेलं नुकसान मात्र भरून दिलं असतं. म्हणून म्हटलं, मी."

इर्मगार्ड! तेव्हाची पगार विभागातली, आता दर रविवारी आमच्याकडे केक खायला येणारी, हल्ली काठी टेकत चालणारी इर्मगार्ड! मी खुर्चीत बसलो.

"मग... तो मुका?"

"तोही तिचाच."

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुला म्हणे अस्सल एका नजरेत कळतं," रोसविटा कागद नीट जुळवत म्हणाली. "म्हटलं, कळेल कधीतरी."

मी गुपचूप पेन घेतलं आणि लेखाचं पहिलं वाक्य खोडायला गेलो. तिने माझा हात धरला.

"राहू दे ते. मंडळी जरा हसतील तरी."