सगळीच मुलं असामान्य

बालवाडीच्या मोठ्या बाईंनी यंदा पणच केला होता, प्रमाणपत्रांवरून भांडण होऊ द्यायचं नाही. गेल्या वर्षी एकाच मुलीला ‘जीनियस’ म्हटलं म्हणून बाकीच्या पालकांनी त्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. त्यामुळे या वेळी प्रत्येक मुलाला वेगळा इंग्रजी शब्द, आणि सगळे शब्द सारखेच भारदस्त. छपाईवाला म्हणाला, मागची बाजू फार कोरी दिसते. बाई म्हणाल्या, “शब्दाचा इतिहास टाका तिथे, पालकांना बरं वाटेल.” तो छापला गेला. वाचायचा मात्र राहून गेला.

समारंभ छान झाला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या मुलाचं प्रमाणपत्र उलटं केलं.

“बाई, हा प्रॉडिजी ना? मग मागे ‘मूळ लॅटिन अर्थ अपशकुन, अक्राळविक्राळ प्राणी’ असं काय लिहिलंय?”

“अहो, ते फार जुनं...”

“अगदीच चूक नाही म्हणा,” त्यांचे यजमान पुटपुटले. डॉक्टरीणबाईंनी नुसतं पाहिलं.

आता सगळेच कागद उलटे व्हायला लागले. ‘टॅलेंट’ म्हणजे ग्रीकांचा तराजू आणि त्यातलं वजन, असं वाचून एका आईचा पारा चढला. “माझी मुलगी जाड आहे, हे तोंडावर सांगायचं होतं!” ‘एस’चे, म्हणजे अव्वल ठरलेल्या मुलाचे, वडील विमा विकायचे. एस म्हणजे मुळात फाशावरचा एक, सगळ्यात हलकं दान आपल्या वाट्याला आलंय हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. जीनियसचे वडील तेवढे शांत होते. शेवटी त्यांनीही वाचलं.

“जुन्या रोममध्ये प्रत्येक माणसासोबत जन्मापासून एक रक्षक आत्मा असायचा, तोच जीनियस. प्रत्येक माणसासोबत? मग आमच्या मुलात विशेष ते काय राहिलं?”

“आम्ही पुढच्या वर्षी मुलाला दुसरीकडे घालतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माना डोलल्या. एवढी मुलं गेली तर बालवाडीला टाळंच लागणार होतं. बाई खुर्चीत बसल्या आणि कुणाचा तरी अर्धा उरलेला पाण्याचा पेला पिऊन मोकळ्या झाल्या.

तेवढ्यात बेकरीवाली आपल्या लेकाला घेऊन हसत हसत दाराकडे निघाली. हजेरीपटावर त्याचं नाव शेवटचं, त्याच्यापर्यंत येईतो बाईंचे भारी शब्द संपले होते. म्हणून त्यांनी घाईघाईत हातानेच मराठीत लिहिलं होतं: ‘डबा संपवतो. झोका सोडून दुसऱ्याला बसू देतो.’ मागची बाजू कोरी.

जीनियसच्या वडिलांनी ते वाचलं. “हातानं लिहिलेलं? खास? फक्त यालाच?”

“आम्हालाही हेच हवं!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“आम्हालाही!” एस, टॅलेंट, सगळ्यांचा एकच गलका झाला. “द्या लिहून, मग प्रवेश इथेच ठेवतो.”

बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी पेन उघडलं, कोरा कागद ओढला, आणि सवयीनं मुलांकडे पाहिलं. जीनियस झोक्याला घट्ट मिठी मारून बसला होता, खाली तिघं रडत होती. प्रॉडिजी आपला भरलेला डबा शांतपणे कुंडीत रिकामा करत होता.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“काय झालं? लिहा ना!”

“अहो, जीनियस म्हणायला माझी काहीच हरकत नव्हती,” बाई कळवळून म्हणाल्या, “पण डबा संपवतो असं धडधडीत खोटं मी लिहू तरी कसं?”